तिसऱ्या दिवसाचं पाणी

गेल्या एप्रिलमध्ये आत्याच्या गच्चीवर मी एक वाक्य बोलून गेले आणि ते वर्षभर मलाच टोचत राहिलं.

सदाशिव पेठेतली तिची जुनी इमारत, सकाळचे साडेआठ. ऊन अजून अंगाला लागत नव्हतं, पण फरशी तापायला लागली होती. जुनं पांढरं धोतर अंथरून त्याच्या चारी कोपऱ्यांवर विटांचे तुकडे ठेवलेले, आणि त्यावर कुरडयांच्या दोन ओळी घालून झालेल्या. आत्या सोऱ्या फिरवत होती, मी खालून गरम चीक आणून देत होते. शेजारच्या काकू वाळवण बघायला म्हणून वर आल्या आणि मोबाइल पुढे करत म्हणाल्या, "हे बघा, आलंय आता. कुरडई म्हणजे आपलं देशी प्रोबायोटिक. तीन दिवस आंबवतो ना आपण गहू!" मग माझ्याकडे वळून, "तुझा तर हाच विषय ना गं?" हाच विषय. मी हातातलं पातेलंही खाली न ठेवता म्हणाले, "काकू, चीक उकळत्या पाण्यात शिजतो. आंबवणारा एकही जिवाणू त्यात जिवंत राहत नाही. कुरडई प्रोबायोटिक नाही." काकू "असं होय" म्हणून दुसऱ्या विषयाकडे वळल्या. आत्याचा हात मात्र सोऱ्यावर थांबला. "म्हणजे आम्ही तीन दिवस उगाचच आंबवत बसतो तर," ती कोणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाली आणि पुढची कुरडई घालायला लागली.

मी त्यावर काहीच बोलले नाही. चीक गार होत होता, गार झाला की सोऱ्यातून उतरत नाही, म्हणून मी पुन्हा खाली पळाले. पण जिना उतरताना मला कळलं होतं की मी काकूंना उत्तर दिलंय आणि आत्याला दिलेलं नाही.

"जिवंत" या शब्दाबद्दल मी इतकी काटेकोर का आहे, ते सांगायला हवं. मी अन्नविज्ञानात काम करते. दह्यातल्यासारखे उपयोगी जिवाणू वनस्पतींच्या स्टार्चच्या कवचात बंद करून ते माणसाच्या मोठ्या आतड्यापर्यंत जिवंत कसे पोचतील, हा माझा गेल्या काही वर्षांचा उद्योग. 2001 साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी प्रोबायोटिकची व्याख्या केली, तिचा पहिला शब्दच "जिवंत" आहे. पुढे "पुरेशा प्रमाणात" आहे आणि शेवटी "आरोग्याला फायदा" आहे. या तीन अटींपैकी पहिलीवरच माझे दिवस आणि बऱ्याचशा रात्री गेल्या आहेत. खाताना दर ग्रॅममागे दहा लाख ते एक कोटी जिवंत पेशी असाव्यात, असं साधारण धरून चालतात. आकडा मोठा वाटतो, पण जठरातलं आम्ल एवढं कडक असतं की कोटींचे हजार व्हायला वेळ लागत नाही. त्यामुळे कोणी सहज, प्रेमाने, अभिमानाने एखाद्या पदार्थाला प्रोबायोटिक म्हणालं की माझ्या आत काहीतरी ताठ होतं. त्या सकाळी तेच झालं.

आमच्या कामातली सगळ्यात देखणी गोष्ट म्हणजे मणी. सोडियम अल्जिनेट हा तपकिरी समुद्री शेवाळापासून मिळणारा पदार्थ पाण्यात विरघळवला की मधासारखं दाट द्रावण होतं. त्यात स्टार्च मिसळायचा, जिवाणू मिसळायचे आणि इंजेक्शनच्या सिरिंजमधून थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडायचे. थेंब पाण्याला टेकतो त्या क्षणी त्याची साय धरते. पाण्यातला कॅल्शियम त्या अल्जिनेटच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधून टाकतो. तळाशी जाईपर्यंत त्याचा मणी झालेला असतो. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी अर्धा तास नुसते थेंब सोडत बसले होते. मण्यांचा फोटो आत्याला पाठवला तर तिचं उत्तर आलं, "साबुदाणा छान भिजलाय." खरंच तसेच दिसतात, मधे पांढरट आणि कडेला काचेसारखे. आणि साबुदाण्याशी त्यांचं नुसतं दिसण्यापुरतं नातं नाही. आपला साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचा स्टार्च. तमिळनाडूत सेलमच्या बाजूला तो ओला असतानाच हलवून हलवून गोळ्या वळतात आणि तापल्या तव्यावर भाजतात, म्हणजे वरचा थर अर्धवट शिजून कवच धरतो. आतलं राखायला बाहेरचं जरासं शिजवायचं. उपासाच्या खिचडीत आपण कवचच खात असतो.

मण्यांची परीक्षा मात्र देखणी नसते. काचेच्या बाटलीत जठर तयार करायचं: आम्ल, क्षार, पेप्सिन हे जठरातलं पाचक द्रव्य, 37 अंश. त्यात मणी दोन तास ठेवायचे. मग पित्त आणि स्वादुपिंडाच्या रसांची पाळी, आणखी दोन तास. मग मणी फोडून, पाण्यात दहापट-दहापट पातळ करत आगर, म्हणजे जिवाणू वाढवायची जेली, घातलेल्या प्लेटवर पसरायचे आणि अठ्ठेचाळीस तास वाट बघायची. जेवढे जिवंत उरले तेवढे ठिपके उगवतात. प्लेट उजेडात धरून, मागून पेनाने खूण करत एकेक ठिपका मोजायचा. मोकळ्या, विनाकवचाच्या जिवाणूंची प्लेट पुष्कळदा कोरी असते. कोऱ्या प्लेटला एक वास असतो, नुसत्या आगरचा, किंचित मांसाच्या रश्शासारखा. उगवलेल्या प्लेटला ताकाचा. झाकण उघडायच्या आधीच नाकाला कळतं. एका पावसाळ्यात रात्री वीज गेली आणि प्लेटा उबेत ठेवणारा इनक्युबेटर बंद पडला. सकाळी सहा आठवड्यांच्या कामाच्या प्लेटा टाकून द्याव्या लागल्या. त्या दिवशी मी घरी आल्यावर दह्याला विरजण लावलं आणि भांड्याला टॉवेल गुंडाळताना मला रडू आलं. जिवंत ठेवणं ही गोष्ट माझ्यासाठी अशी आहे. आत्याला हे ठाऊक नव्हतं, आणि तिला ठाऊक नव्हतं म्हणून माझं ते तुटक बोलणं माफ होत नाही.

कुरडईशी माझं नातं प्रयोगशाळेच्या फार आधीचं. लहानपणी मे महिन्यात आम्ही आत्याकडे राहायला यायचो ते बरोबर गहू भिजत असताना. पहिल्या दिवशी नुसता ओल्या धान्याचा वास. दुसऱ्या दिवशी पाणी बदलताना वर बारीक बुडबुडे. तिसऱ्या दिवशी मोरीपाशी आंबूस वास असा भरून राहायचा की मी नाक धरून पलीकडे जायची. मग वाटण, मग कापडातून गाळण. पिळून पिळून उरलेला चोथा रबरासारखा ताणायचा, आम्ही पोरं त्याचे दोर काढायचो. गाळलेलं दुधासारखं पाणी मोठ्या पातेल्यात रात्रभर झाकून ठेवलेलं असायचं आणि त्याला कोणी हात लावायचा नाही, पातेलं सरकवायचंसुद्धा नाही. सकाळी वरचं पिवळट पाणी आत्या अगदी अलगद ओतून द्यायची. तळाशी खडूसारखा घट्ट, पांढराशुभ्र चीक. मीठ-हिंग घातलेल्या उकळत्या पाण्यात तो पडला की तिचं बोलणं बंद व्हायचं, कारण घोटायचं थांबलं की गुठळ्या झाल्याच. पांढरा रंग हळूहळू जाऊन काचेसारखी चमक आली की वाफ आणायची. त्यातलीच एक वाटी, वर साजूक तूप, जीभ पोळत खायची. सोऱ्या नंतर.

हे सगळं मी पुढे पाठ्यपुस्तकात पुन्हा शिकले तेव्हा कुठल्याच टप्प्यावर आत्याचं नाव नव्हतं, याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. स्टार्च वेगळा काढायची ओली पद्धत: भिजवणे, दळणे, गाळणे, निवळू देणे, धुणे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोममधल्या केटो नावाच्या लेखकाने गव्हाच्या स्टार्चची कृती लिहून ठेवली आहे. गहू रोज पाणी घालत दहा दिवस भिजवायचा, पिळायचा, नव्या कापडातून गाळायचा, उन्हात ठेवायचा. आत्याला सांगितलं असतं तर म्हणाली असती, दहा दिवस फार होतात.

आता तिच्या प्रश्नाकडे येते. तीन दिवस कशासाठी? गव्हाच्या दाण्यात स्टार्चचे कण प्रथिनांच्या जाळ्यात गच्च बसवलेले असतात. नुसतं पाणी पिऊन दाणा फुगतो, मऊ होतो, पण जाळं सहजी सोडत नाही. भिजलेल्या दाण्याचे स्वतःचे एन्झाइम जागे होतात, आणि त्याच पाण्यात दाण्याबरोबर आलेले जिवाणू वाढायला लागतात. दिवसागणिक लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्यांची सरशी होते. तिसऱ्या दिवसाचा तो आंबूस वास त्यांचा. त्या आंबटपणात प्रथिनांची पकड सैल होते आणि वाटल्यावर कण मोकळे सुटतात. चीक पांढरा येतो आणि भरपूर येतो. म्हणजे मी ज्यांना जिवंत ठेवायला धडपडते, त्यांचेच भाऊबंद आत्याच्या पातेल्यात आपलं काम पुरं करून मग उकळत्या पाण्यात जातात. ते शेवटपर्यंत टिकले नाहीत म्हणून तीन दिवस फुकट गेले असं कसं होईल? एवढंच मला गच्चीवर म्हणता आलं असतं.

मला एक पळवाटही दिसत होती. 2021 साली तज्ज्ञांच्या एका गटाने पोस्टबायोटिकची व्याख्या केली: निर्जीव केलेले जिवाणू किंवा त्यांचे भाग, ज्यांच्यापासून आरोग्याला फायदा होतो. काकूंचं मन राखायला मी तो शब्द पुढे करू शकले असते. पण त्या व्याख्येतही फायदा दाखवून द्यावा लागतो. कुरडईच्या बाबतीत मी तो दाखवलेला नाही. तळलेली कुरडई पुरणपोळीच्या पानात लागते ती तिच्या कुरकुरीतपणासाठी, आणि त्याला कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. जे आहे त्याचं कौतुक करायला जे नाही ते चिकटवावं लागतं, याचं मला खरोखर वाईट वाटतं. त्यात पदार्थाचाही मान जातो आणि विज्ञानाचाही.

दोन वर्षांपूर्वी मी कोथरूडला माझ्या घरी एकटीने कुरडया करायचा घाट घातला होता. सुट्टी एकच दिवस, म्हणून सकाळी वाटलं, दुपारी दोनला पाणी ओतून दिलं. चीक अगदीच कमी भरला. आत्याला फोन केला तर तिने एकच विचारलं, "रात्रभर ठेवला होतास का?" मी म्हटलं, पाच तास ठेवला होता, खाली बसलेला दिसत होता. "दिसतो गं. पण सगळा नसतो बसलेला."

गच्चीवरच्या त्या सकाळनंतर हे वाक्य मला आठवलं आणि मी कागद घेऊन बसले. गव्हाच्या स्टार्चमध्ये दोन जातींचे कण असतात. मोठे, मसुराच्या डाळीसारखे चपटे, साधारण 25 मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आणि धाकटे, गोल, पाच-सहा मायक्रॉनचे. वजनात धाकट्यांचा वाटा एक तृतीयांशाच्या आतच असतो, पण संख्येने शंभरात नव्वदांहून जास्त तेच. पाण्यात कण खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतो, म्हणजे पाचपट लहान कण पंचवीसपट सावकाश बसतो. ढोबळ हिशेब केला: एक वीत खोल पाण्यात मोठा कण वीस-पंचवीस मिनिटांत तळाला जातो. पाच मायक्रॉनच्या धाकट्याला नऊ तास लागतात.

नऊ तास. म्हणजे रात्री जेवणं आटोपून झाकून ठेवलेलं पातेलं सकाळी उघडावं, एवढा वेळ.

मी तो कागद बराच वेळ बघत होते. प्रयोगशाळेत आम्ही याच धाकट्या कणांसाठी सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरागरा फिरवून कण तळाला बसवणारं यंत्र, लावतो. कवच करायला बारीक कण फार उपयोगी. राजगिऱ्याचे तर एक-दोन मायक्रॉनचेच असतात, आपल्या सगळ्या धान्यांत अतिशय बारीक. असे कण थोड्या डिंकाच्या पाण्यात कालवून गरम हवेत फवारले की सुकताना ते एकमेकांना चिकटून गोळे होतात, मधे मधे पोकळ्या राहतात आणि त्या पोकळ्यांत हवं ते भरून ठेवता येतं. सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब राजगिऱ्याचा लाडू, फक्त केसाच्या जाडीपेक्षाही लहान. गंमत अशी की कवच नुसतं मजबूत असून भागत नाही. साधा शिजलेला स्टार्च लहान आतड्यातच पचून जातो आणि आतले जिवाणू वाटेतच उघडे पडतात. म्हणून न पचणारा स्टार्च हवा, जो मोठ्या आतड्यापर्यंत तसाच जाईल आणि तिथे जिवाणूंचं खाद्य होईल. तो घरोघरी थोडाफार तयार होतच असतो. भात शिजवून गार केला की स्टार्चच्या सरळ साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात, आणि फोडणी देऊन गरम केला तरी त्यांतल्या काही सुटत नाहीत. सकाळच्या फोडणीच्या भाताचा दाणा सुटा आणि जरासा चिवट लागतो, तो त्यामुळे. माझ्या शेवटच्या वर्षभराच्या कामात हा बिलगलेला स्टार्चच आहे.

यंदा एप्रिल लागताच मी आत्याकडे गेले. डबीत तिचाच चीक मागून नेला होता आणि ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे फोटो काढले होते. काळ्या पार्श्वभूमीवर उजळ कण आणि प्रत्येक कणावर एक काळी फुली. आत्याने चष्मा पुसला, फोन डोळ्यांजवळ नेला. "फुली कोणी मारली?" मी म्हटलं, कोणी नाही, कणाच्या आत स्टार्च मधल्या बिंदूपासून बाहेरच्या दिशेला इतका शिस्तीत रचलेला असतो की प्रकाश अडून फुली दिसते. मग शिजवलेल्या चिकाचा फोटो दाखवला. त्यात फुली नाही, कण नाही, नुसतं धुकं. "पांढरेपणा गेला की शिजला," ती म्हणाली. तेच. रचना मोडली की फुली जाते. आम्ही सूक्ष्मदर्शकातून बघतो, ती पातेल्यात बघते. पुन्हा पहिल्या फोटोवर येऊन तिने बोट ठेवलं. "आणि ही पिल्लं?" मी तिला धाकट्या कणांचं सांगितलं, नऊ तासांचं सांगितलं, माझ्या दुपारच्या दोनच्या चिकाचं सांगितलं. तिने मधे एकदाही "बघ, मी म्हणत होते" असं म्हटलं नाही.

मग मी म्हणाले, "आत्या, गेल्या वर्षी तू विचारलंस ना, तीन दिवस उगाच आंबवतो का. उगाच नाही. ते जिवाणू शेवटी मरतात हे खरं, पण गव्हाने धरून ठेवलेला चीक तेच सोडवतात." ती थोडा वेळ गप्प होती. "मला वाटलंच होतं काहीतरी असणार," ती म्हणाली. "सासूबाई म्हणायच्या, वास आल्याशिवाय वाटायला घ्यायचं नाही. का, ते त्यांनीही सांगितलं नाही."

त्या दिवशी गव्हाचा तिसरा दिवस होता. मोरीपाशी तोच वास. मी पिशवीतून निर्जंतुक केलेली बाटली काढली आणि वाटायच्या आधीचं पाणी थोडं मागून घेतलं. त्यात कोण कोण आहे ते प्लेटवर वाढवून बघायचं होतं, आणि त्यांतला एखादा माझ्या मण्यात टिकतो का तेही. आत्याने पातेलं कलतं केलं. दोन बुडबुडे बाटलीच्या गळ्याशी येऊन फुटले. मी झाकण लावून पट्टीवर लिहायला लागले.

"काय लिहितेस?"

"तारीख. गहू, तिसरा दिवस, आत्याचं पाणी."

"किती वाजले तेही लिही," ती म्हणाली. "दुपारनंतर वास बदलतो."